चाकाला पायताण म्हणायचे का?

जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी, शापोरा नदीच्या काठावरच्या एका गावात, सायकलचे चाक हे पायताण धरायचे का, असा प्रश्न देवाला विचारण्यात आला. मी तिथे होते. त्याआधी दोन दिवस मी आणि माझा धाकटा भाऊ बाळासाहेब त्याच सायकलींवरून डिचोली आणि पेडणे तालुक्यांत फिरत होतो. हा प्रश्न आम्ही येण्याआधीच ठरलेला होता. त्यानंतर विचारलेला दुसरा मात्र बाळासाहेबामुळे उद्भवला.

गावाचे नाव इथे दिलेले नाही. गावाने तशी विनंती केली आहे. नाव छापले की रविवारी म्हापशाहून गाड्या येतील. गाड्या लावण्यासारखी जागा गावात एकच आहे आणि तिथे नारळ सोलतात.

मये, शुक्रवार

सायकली शुभांगीच्या. तिचे माहेर सिंधुदुर्गात, बांद्याजवळ. सासर या नाव न दिलेल्या गावात. नवरा शिरगावच्या बाजूला खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी थांबल्या तेव्हा ट्रक दारात उभा राहिला आणि पावसाळ्यात त्याच्या हौद्यात कारल्याचा वेल चढला. कारली संपल्यावर ट्रक विकला. नवरा मुरगाव बंदरात कामाला लागला, तो महिन्याकाठी घरी येतो. ट्रकच्या जागेवर शुभांगीने गिअरच्या सहा सायकली आणून उभ्या केल्या आणि नदीखोऱ्यातून पाहुण्यांना फिरवायचे ठरवले. डोंगरात चालवायच्या सायकली, पण डोंगर टाळून. चढ नको, घाट नको. साठीची बाई आणि शाळेतले पोर यांना एकाच वेळी झेपेल अशी वाट. अशी वाट तिने स्वतः फिरून जोडून काढली होती.

वाटेत एक अडचण होती. कालव्याच्या कडेची सपाट वाट एका ठिकाणी संपते आणि नदीकाठची सपाट वाट तिथून थोडे पुढे सुरू होते. या दोन वाटांच्या मध्ये देवाची राय आहे, म्हणजे आपल्याकडे जिला देवराई म्हणतात ती. रायीतून एक पायवाट जाते. त्या पायवाटेवर पायात काही घालून कोणी जात नाही. सायकल तर कोणी कधी नेलेलीच नव्हती. राय टाळायची तर मुख्य रस्त्याला लागायचे, आणि मुख्य रस्त्यावर चढ आहे, वळणे आहेत आणि चिऱ्यांनी भरलेले ट्रक आहेत. शाळेतले पोर तिथे संपते.

शुभांगीने दिवाळीत गावाकडे परवानगी मागितली. गाव म्हणाले, आम्ही कोण सांगणार, देवाला विचारू. जत्रेनंतरचा सोमवार त्यासाठी ठरला. दरम्यान मांद्र्याहून दिलीप नावाचे एक गृहस्थ येऊन सायकली पाहून गेले. ते किनाऱ्यावर स्कूटर भाड्याने देतात. देवाने नाही म्हटले तर सहाच्या सहा सायकली ते घेणार होते, आणि सोमवारी टेम्पो घेऊनच येतो, असे त्यांनी सांगून ठेवले होते.

"म्हणजे तुम्ही शेवटचे पाव्हणे, नायतर पयले," शुभांगी म्हणाली. "सोमवारी कळतला."

बाळासाहेब कोल्हापुरात सिमेंट विकतो. तरुणपणी तालमीत होता. कुस्ती सुटली, खुराक राहिला. सायकलवर तो शाळेनंतर बसला नव्हता. आम्ही मयेच्या तळ्याला वळसा घातला. वळसा पूर्ण झाल्यावर तो उतरला आणि बसायच्या जागेकडे बोट दाखवून म्हणाला, "आक्का, ही शीट न्हाई. ही विळी हाय."

तळ्याकडून शिरगावच्या बाजूला जाणारी वाट पोफळींतून जाते आणि मग एकदम लाल होते. खाणीतून काढलेल्या मातीचे ढीग टेकड्यांएवढे आहेत. आता त्यांच्यावर झाडे उगवली आहेत आणि खाली खड्ड्यात हिरवे पाणी साचले आहे. शुभांगीने एका वळणावर सायकल थांबवली. इथे नवऱ्याचा ट्रक रांगेत उभा असायचा, असे तिने सांगितले.

"इतकी वर्सा तो हयसून गेलो. गेल्या म्हयन्यात तेका फोटो धाडलंय. म्हणता, हय झाडा होती?"

दुपारी तिच्या ओळखीच्या घरी जेवलो. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचे हुमण म्हणजे कालवण, सुक्या सुंगटांचे म्हणजे कोळंबीचे किसमूर, सोलकढी. आमच्याकडे पाहुण्याच्या ताटाकडे यजमान पाहतो तो रस्सा संपला का, हे बघायला. इथे घरात शिरणारा प्रत्येक माणूस, शेजारी असो, विजेचे बिल वाटणारा असो, पहिला प्रश्न एकच विचारतो: "नुस्तें कितें?" म्हणजे आज मासा कोणता. उत्तर ऐकून तो आपल्या कामाला लागतो. बाळासाहेबाने तीन वाट्या सोलकढी प्यायली आणि पांढरा रस्सा म्हणून ती वाईट नाही, असे मत दिले.

कालवा, शनिवार

तिळारीच्या धरणाचे पाणी गोव्यात आणणारा कालवा या खोऱ्यातून जातो. त्याच्या कडेने देखभालीसाठी कच्ची वाट ठेवली आहे. पाण्याला चढ चालत नाही, त्यामुळे ती वाटही चढत नाही. एका हाताला काजूची मोहरलेली झाडे, दुसऱ्या हाताला खाली शेते. वायंगणी भाताची, म्हणजे दुसऱ्या पिकाची, लावणी चालू होती. आमच्याकडे जानेवारीत शेतात ऊसतोड असते. इथे गुडघाभर चिखल आणि बायका वाकलेल्या, हे पाहून महिना चुकल्यासारखा वाटतो.

सकाळी मागून भोंगा ऐकू आला. पोंय, पोंय. पोदेर, म्हणजे पाववाला, मागे बांबूची टोपली बांधून येत होता. त्याने आमच्या बरोबरीला येऊन वेग कमी केला.

"पाव जाय?"

बाळासाहेबाचे लक्ष हँडलकडे होते. "थांबा जरा. गिअर हुडकतोय."

पोदेराने त्याच्या सायकलकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "कितले आसात?"

"लई हायत. त्योच तर घोळ हाय."

"माका एकूच आसा," पोदेर म्हणाला. "सोदूंचो पडना." म्हणजे शोधावा लागत नाही. आणि पुढे गेला. पुढच्या वाडीत आम्ही पोहोचलो तेव्हा त्याची टोपली निम्मी झाली होती. आम्ही उंडे, म्हणजे गोल पाव, घेतले. ते अजून गरम होते.

त्यानंतर थोड्या वेळाने मोपाच्या पठारावर उतरणारे विमान आमच्या डोक्यावरून फारच खालून गेले. शेतातल्या म्हशीने मान वर केली नाही. बाळासाहेबाने केली, आणि त्याच वेळी पुढचा ब्रेक दाबला. वाट कालव्याच्या पाण्यापासून दूर आणि शेताजवळ होती, हे नशीब. तो हँडलवरून सरळ वायंगणात गेला.

लावणीच्या बायका उभ्या राहिल्या. सर्वांत म्हातारी जी होती ती म्हणाली, "अगो, हेका कोणी लावल्यान? आमी तरी लावूक नाय!"

"नाय लावल्यार रुजता तां तण," दुसरी म्हणाली.

त्याला ओढून काढायला तिघी लागल्या. दुखापत झाली नव्हती. रोपे मात्र बरीच आडवी झाली होती. म्हातारीने त्याच्या हातात रोपांची एक मूठ दिली. "मोडलंस तां लाव."

बाळासाहेबाने लावले. त्याची ओळ तिरकी आली. म्हातारीने ती बराच वेळ पाहिली आणि तशीच राहू द्यायला सांगितली. भात कोणाचा, हे कापणीला कळावे म्हणून. मग शेतातल्या पंपाखाली त्याला धुतले. बूट काही धुऊन होईनात. ते तसेच पचपचत घालून तो पुन्हा विळीवर बसला.

दुपारच्या आधी कालव्याची वाट संपली. समोर चिऱ्यांचे बुटके कुंपण आणि त्याच्या आत राय. आत ऊन पोहोचत नव्हते. सातवीण, नाणा, किंदळ अशी झाडे, त्यांना मांडीएवढ्या जाडीच्या वेली. मूर्ती नाही. वाटेच्या कडेला माणसाच्या उंचीचे वारूळ, त्याच्यापुढे विझलेली पणती. गवताचे भारे घेऊन चार बायका समोरून येत होत्या. तिघींच्या चपला हातात. एकीने आपल्या भाऱ्यावर खोचल्या होत्या. कुंपणाबाहेर आल्यावर त्यांनी चपला खाली टाकल्या, पाय सरकवले आणि गेल्या.

शुभांगी उतरली. "बस. हयसून परत."

तिचे घर रायीच्या पलीकडे होते आणि जेवण घरात. सायकली सकाळी तिने मुख्य रस्त्याने, चढावर हाताने ढकलत, कालव्यापर्यंत आणल्या होत्या. त्याच रस्त्याने परत जायचे होते.

"चालत गेलं तर चालतंय न्हवं?" बाळासाहेबाने विचारले.

"माणसांनी गेला तर काय नाय. व्हाणो काढून."

इथे जे झाले ते थोडक्यात असे. बाळासाहेबाने बूट काढले. शुभांगीला वाटले, तो चिखल झटकतोय. त्याने नाड्या एकत्र बांधून बूट गळ्यात अडकवले. मग वाकला, सायकलच्या चौकटीत हात घातला, ती उजव्या खांद्यावर घेतली आणि रायीत शिरला. तालमीत मातीत उतरायचे तर पायताण बाहेर, हे त्याच्या अंगात आहे. आणि ओझे दिसले की ते खांद्यावर, हेही. दोन्ही गोष्टी त्याने विचार न करता केल्या. शुभांगी "दादा, दादा" करत मागे धावली, पण कुंपणाशी आल्यावर तिला चपला काढाव्या लागल्या. तेवढ्यात तो निम्म्या वाटेवर होता.

पलीकडच्या टोकाला दाजी बसले होते. दाजी हे देवळाचे मानकरी. पूर्वी बसचे कंडक्टर होते, अजूनही समोरच्या माणसाला "फुडें सर" म्हणूनच बोलायला सुरुवात करतात. सोमवारी देवाला प्रश्न विचारणार होते ते हेच. त्यांनी आधी उघडे पाय पाहिले, मग गळ्यातले बूट, मग खांद्यावरची सायकल.

"खंयचो तू?"

"कोल्हापूर."

"तें कितें?"

"सायकल."

"ती चलना?"

"चालतीया की."

"मगे?"

बाळासाहेबाने थोडा विचार केला. "तिला न्हाई हितं चालायचं, असं त्या बाई म्हणाल्या."

दाजींनी हात पुढे करून सायकल किंचित उचलून पाहिली. वजनाबद्दल ते काही बोलले नाहीत. "फुडें सर," म्हणाले, आणि रायीकडे बघत बसले.

शुभांगी पोहोचली, तिने आधी दाजींना नमस्कार केला. दाजी उठून गेल्यावर ती बाळासाहेबाकडे वळली.

"सोमवारपर्यंत थांबूक काय झाला होता तुमका? तीन म्हयने मी एक चाक आत घालूक नाय! आता गाव म्हणतला, इचारूच्या आधीच हिणा सायकल घातल्यान. देव काय म्हणतलो ता ऱ्हवांदेच, गाव माका इचारूकच देवचो नाय."

"चाक जमिनीला लागलं न्हाई पण," बाळासाहेब म्हणाला.

"ता तुम्ही देवाक सांगा!"

उरलेल्या दोन सायकली आम्ही दोघींनी रस्त्याने ढकलत आणल्या, मग जेवायला बसलो. तिसऱ्यांचे, म्हणजे शिंपल्यांचे, हुमण होते आणि उत्तम होते. बाळासाहेबाने दुसऱ्यांदा भात मागितला नाही.

गाव, रविवार

रविवारी सायकल चालवली नाही. शुभांगीने सहाही सायकली अंगणात काढल्या आणि धुवायला घेतल्या. ब्रश एक, बालदी एक. बाळासाहेब न सांगता साखळ्या पुसायला बसला.

"विकूच्या असल्या तरी धुवूक व्हयात, ठेवूच्या असल्या तरी," ती म्हणाली. तिने एक सायकल इतरांपेक्षा जास्त वेळ घासली. ती लहान मुलाच्या उंचीची होती.

मी गावातल्या हॉटेलात भाजी-पाव खायला गेले. हॉटेल म्हणजे चार बाकडी आणि पातळ भाजीचे पातेले. विषय एकच होता, आणि वाढत्या तपशिलासह चालला होता. सायकल उचलणारा पैलवान एव्हाना सहा फुटांचा झाला होता आणि त्याच्या दोन्ही खांद्यांवर एकेक सायकल होती. मी दुरुस्ती सुचवली नाही.

बाजू दोन होत्या. पहिली बाजू अशी की चाक रबराचे, चपलेचा तळही रबराचा, फरक काय? दुसरी बाजू अशी की चपलेत पाय असतो, चाकात पाय नसतो.

"बैलगाडी जाता?" एकाने विचारले.

"आमच्या बापायच्या काळात जायची. लाकडाची चाका."

"लोखंडाची धाव असायची तेका."

"मगे बैलाक नाल मारल्यान तां व्हाण न्हय?"

या मुद्द्यावर दोन्ही बाजूंनी आणखी चहा मागवला. मग कोणीतरी पोदेराला साक्षीला बोलावले. तो उंडे टाकायला आलाच होता. तू रायीतून जातोस का, असे त्याला विचारण्यात आले.

"ना. वळसो घालून येता. म्हणून तुमचो पाव थंड."

"देवाक भियेता तू?" हॉटेलवाल्याने विचारले. पोदेर ख्रिस्ती होता.

"देव तुमचो," पोदेर म्हणाला, "पूण पांय म्हजे. थंय कांटे आसात, सायकल सोडून चलचें पडटा." भोंगा वाजवून तो निघून गेला. दोन्ही बाजूंनी हे उत्तर आपल्या बाजूने धरले.

दाजी कोपऱ्यातल्या बाकड्यावर चहा पीत होते. ते वादात पडले नाहीत. उठताना मात्र माझ्याजवळ थांबले.

"तुजो भाव. बूट गळ्यात कित्याक घातलले?"

"हात मोकळे हवे होते म्हणून."

"म्हणजे व्हाण आंगार आसली, पायांत नासली."

"हो."

"बरें," दाजी म्हणाले, आणि पुढे सरले.

घरी येऊन मी हे शुभांगीला सांगितले. तिने बालदी पालथी घातली. "दाजी 'बरें' म्हणाले म्हणजे काय, ता दाजींच्या बायलेकसुद्धा आजून कळूक नाय," ती म्हणाली.

देऊळ, सोमवार

देऊळ रायीपासून जवळ, कालव्याच्या अंगाला आहे. कौल लावायची इथली रीत अशी: गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो. मानकरी गाऱ्हाणे घालून प्रश्न विचारतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. आमच्याकडे जोतिबाला गुलाल उधळून मागणे मागतात आणि उत्तर घरी जाऊन कळते. इथे उत्तर जागेवर मिळते, आणि ते सर्वांसमोर मिळते.

देवळापुढे वडाखाली दिलीप यांचा टेम्पो उभा होता. मागचे फाळके उघडे, आत जुन्या गोण्या अंथरलेल्या; सायकलींना खरचटू नये म्हणून. दिलीप नीटनेटके, घाईत असलेले गृहस्थ. त्यांना दुपारपर्यंत मांद्र्याला परतायचे होते. शुभांगीने धुतलेल्या सहाही सायकली देवळाच्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. दाजींचा तसा निरोप होता. ज्याच्याबद्दल विचारायचे ते देवासमोर हवे.

शुभांगी बायकांत उभी होती. बाळासाहेब पुरुषांच्या मागे, शक्य तितका लहान होऊन.

दाजींनी गाऱ्हाणे घातले. देवाला गावाची ओळख करून दिली, शुभांगीची करून दिली, ती कोणाची सून आणि तिच्या घरात पूर्वी ट्रक होता, तेही सांगितले. प्रत्येक वाक्यानंतर गाव "व्हय महाराजा" म्हणत होते. मग प्रश्न आला.

"तर बा देवा, तुज्या रायीत व्हाण घालून आमी जायनांव. ह्या सायकलीचें चाक, तें व्हाण धरचें काय? धरचें तर उजवी दी."

उजवी पाकळी लगेच पडली.

चाक पायताण ठरले. बायकांत कुजबुज झाली. शुभांगीने पदर आवळून घेतला आणि सायकलींकडे न बघता जमिनीकडे बघत राहिली. दिलीप हलकेच मागे सरले आणि टेम्पोकडे गेले. टेम्पोचे इंजिन सुरू झाल्याचे ऐकू आले.

दाजी हलले नाहीत. "प्रश्न सोंपूंक ना," ते म्हणाले. "गुरवा, आनी लाय."

गुरवाने पुन्हा पाकळ्या लावल्या. दाजींनी पुन्हा गाऱ्हाणे घातले, या वेळी थोडे लांब. चाक हे पायताण आहे, असे तू म्हणालास, मान्य. पण आमच्या बायका रायीतून जातात तेव्हा चपला हातात घेऊन जातात. चपला घरी ठेवून कोणी जात नाही. पायात नसली, हातात असली, तर तू कधी रागावला नाहीस. परवा कोल्हापूरचा एक माणूस गेला. त्याची एक वहाण गळ्यात होती आणि दुसरी खांद्यावर.

माना मागे वळल्या. बाळासाहेबाने छताकडे पाहिले.

"तर बा देवा, उगडे पांय, सायकल खांद्यार, चाक जमनीक लावचें ना, अशे तरेन पाव्हणे गेले तर तुका चलता काय? चलता तर उजवी दी."

"व्हय महाराजा!"

पाकळी पडली नाही. कोणतीच. गुरव हात जोडून उभा होता. घंटेखाली एक कुत्रे येऊन झोपले. कोणीतरी खोकले आणि सर्वांनी त्याच्याकडे रागाने पाहिले. डावीकडची पाकळी कडेने थोडी सुटली होती. ते शुभांगीलाही दिसत होते. तिचे ओठ हलत होते, पण ती काय म्हणत होती ते ऐकू आले नाही.

बाहेर दिलीप यांचा धीर संपला. त्यांनी हॉर्न वाजवला. लांब, दोनदा.

उजवी पाकळी पडली.

या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध होता का, याची खातरजमा मला करता आली नाही. गावाला त्याची गरज वाटली नाही. "व्हय महाराजा" असा ओरडा झाला, कुत्रे उठून पळाले. शुभांगी खाली बसली आणि शेजारणीने तिला धरून उठवले. दिलीप धावत आत आले.

"म्हज्या हॉर्नान पडली ती! हें धरूंक जायना!"

"हॉर्न कोणे मारलो?" दाजींनी विचारले.

"हांवें."

"मगे तुका देव बरें करूं," दाजी म्हणाले. "फुडें सर, वाट दी."

त्यानंतर सायकली रायीतून नेण्यात आल्या. सहाच्या सहा, खांद्यावर, अनवाणी. बाळासाहेबाने या वेळी खरोखरच दोन उचलल्या, त्यामुळे हॉटेलातली बातमी एक दिवस उशिरा का होईना खरी ठरली. एक शुभांगीने घेतली, लहान मुलाच्या उंचीची. एक मी, ती दोनदा टेकवावी लागेल असे वाटत होते, पण दाजी शेजारून चालत होते. पाचवी हॉटेलवाल्याने घेतली. सहावीला माणूस नव्हता. दिलीप थोडा वेळ उभे राहिले, मग त्यांनी पॉलिश केलेले बूट काढून टेम्पोत ठेवले.

वाटेत काटे होते. पोदेराची साक्ष त्यापुरती बरोबर होती.

पलीकडे नदीकाठची वाट सुरू होते. एका बाजूला शापोरा, तिच्यात भरतीचे पाणी वर चढत होते. दुसऱ्या बाजूला माड आणि तांबड्या भाजीचे वाफे. बूट घालून आम्ही त्या वाटेने संथ निघालो. चढ नव्हता. दिलीप टेम्पो आणायला परत रायीतून गेले. बाळासाहेब कोल्हापूरपर्यंत खांदे कुठेही न टेकवता झोपला.

गेल्या आठवड्यात शुभांगीला फोन केला. शनिवार-रविवारी पाहुणे येतात. रायीपाशी थांबतात, बूट काढतात, नाड्या बांधून गळ्यात घालतात. मोठी माणसे कुरकुरतात, मुले कुरकुरत नाहीत. दाजी पलीकडच्या टोकाला बसलेले असतात. मांद्र्याहून जे पाहुणे येतात ते दिलीप पाठवतात. सायकली सहाच आहेत. शुभांगी सातवी घेणार आहे. कोणती, ते अजून ठरलेले नाही. वजनाला हलकी हवी, एवढे ठरले आहे.